दुसरा कागद

आमच्या पक्षाकडे मतं कधी साठली नाहीत, किस्से मात्र साठत गेले. छोट्या पक्षाचं प्रदेश कार्यालय चालवायचं म्हणजे दर निवडणुकीला राज्यभर फोन फिरवून "उभे राहता का?" असं विचारत बसायचं. सरचिटणीस म्हणून मी हे वर्षानुवर्षं केलं. मित्र जमले की सांगायचो, सगळे हसायचे. माझी बायको, सुनंदा, चहा आणता आणता माझे तपशील दुरुस्त करायची. तिच्या स्वतःच्या उमेदवारीचा किस्सा तेवढा मी कधी सांगितला नाही. तिनंही नाही. ती जाऊन आता चार वर्षं झाली. आज तोही सांगणार आहे. पण आधी नेहमीचे.

* * *

धायरीतले एक निवृत्त अधिकारी उमेदवारीची चौकशी करायला आले. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. तासभर त्यांनीच माझी मुलाखत घेतली. जाहीरनामा वाचला, त्यातल्या चुका पेन्सिलनं दाखवल्या. शेवटी म्हणाले, "आणि तिकीट मिळण्याची शक्यता कितपत?"

"आजच देतो," मी म्हणालो.

त्यांनी फाइल मिटली. "मग राहू द्या. इतक्या पटकन मिळतंय म्हणजे त्यात काहीतरी गोम असणार."

* * *

आमच्या अध्यक्षांनी पत्रकार परिषदेत जाहीर केलं, "विधानसभेच्या सगळ्या जागा स्वबळावर लढवू." मग माइकवर हात ठेवून मला विचारलं, "आपल्याकडे किती आहेत?"

"सहा."

"यादी तयार आहे," ते माइकमध्ये म्हणाले.

यादी लांबवण्यासाठी त्या दुपारी मी सुचतील ती नावं लिहिली. त्यात अध्यक्षांचा ड्रायव्हर ज्ञानोबाही आला. खडकवासल्याच्या पलीकडच्या गावचा सरळ माणूस. त्याला ही बातमी टपरीवर कुणीतरी सांगितली. संध्याकाळी तो कार्यालयाच्या दारात येऊन उभा राहिला.

"सायेब, म्या हुबा ऱ्हायलो तर गाडी कोन चालवील?"

यावर मित्र नेहमी हसतात. ज्ञानोबा हसला नव्हता. त्यानं घरी सांगून टाकलं होतं, आणि बायकोनं त्याच्यासाठी नवा शर्ट आणला होता. हा भाग मी गाळायचो.

* * *

आता आमच्या कार्यालयाची एक पद्धत सांगायला हवी. उमेदवार अर्ज भरायला आला की आम्ही त्याची सही दोन कागदांवर घ्यायचो. पहिला उमेदवारीचा अर्ज. दुसरा माघारीचा, तारीख न घातलेला. तो माझ्या खणात राहायचा. मोठ्या पक्षाशी ऐनवेळी काही जमलं, तर उमेदवाराला शोधत फिरायला नको. उमेदवाराचा निवडणूक प्रतिनिधी मीच असायचो, त्यामुळे अर्ज मलाच नेऊन देता यायचा.

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका तरुण उमेदवारानं तो वाचला आणि म्हणाला, "सर, जॉइनिंगच्याच दिवशी रेझिग्नेशन? आमच्या कंपनीत निदान नोटीस पीरियड तरी असतो."

मीही हसलो. मग बोटानं सहीची जागा दाखवली.

* * *

त्याच निवडणुकीत बिबवेवाडीच्या बाजूला आम्हाला कुणी मिळेना. मी सुनंदाला म्हणालो, "तुझं टाकतो. नावापुरतं."

"नावापुरतं म्हणजे कुठपर्यंत?" तिनं विचारलं.

छोट्या पक्षाच्या उमेदवाराला दहा सूचक लागतात, म्हणजे अर्जावर सही करणारे दहा मतदार. इतरांचे सूचक मीच जमवायचो. हिनं स्वतः फिरून दहा बायका जमवल्या. शिलाईचं दुकान चालवणाऱ्या कांबळेबाई पहिल्या. मग ती त्यांच्या गल्लीत वही घेऊन जाऊ लागली. कुठल्या मजल्यावर पाणी किती मिनिटं येतं ते लिहायची. शाळेत तीस वर्षं हजेरी घेतली होती, वही चोख होती.

दुसरा कागद पुढे केला तेव्हा तिनं विचारलं, "हा कशाला?"

"फॉर्मॅलिटी. सगळ्यांकडून घेतो."

"तारीख?"

"ती घालतो नंतर."

तिनं सही केली.

माघारीच्या शेवटच्या दिवशी दुपारी अध्यक्षांचा फोन आला. "वहिनींचा काढायचाय. वर बोलणं झालंय." मी खण उघडला, तारीख घातली आणि अर्ज देऊन आलो. त्या वेळी ती बिबवेवाडीत पत्रकं वाटत होती.

संध्याकाळी घरी आली ती सगळं कळूनच. "पोच दाखवा," म्हणाली. मी झेरॉक्स दिली. तिनं चष्मा लावून पाहिली.

"सही माझी आहे. तारखेतला सात तुमचा आहे. मी सात असा काढत नाही."

दुसऱ्या दिवशी ती दहाही घरी सांगायला गेली. मी प्रत्येक ठिकाणी खाली स्कूटरपाशी थांबलो. त्यानंतर तिनं हा विषय काढला नाही, आजारपणातसुद्धा.

बदल्यात अध्यक्षांना मोठ्या पक्षाच्या विजयसभेत स्टेजवर खुर्ची मिळाली. तिसऱ्या रांगेत.

* * *

मी पक्ष का सोडला नाही, याचं चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. परवाच्या विधानसभेला त्या जागेवर पुन्हा कुणी मिळेना, तेव्हा मी कांबळेबाईंच्या दुकानात गेलो. त्या मशीनवर होत्या. मी विषय काढला. त्यांनी पाय थांबवला.

"उभी राहते," म्हणाल्या. "ताईंची पाण्याची वही माझ्याकडेच आहे. पुढची पानं मी लिहिलीत."

त्यांनी कापड बाजूला सारून जागा केली. मी पिशवीतून कागद काढले. दोन्ही काढले. पहिल्यावर त्यांनी सही केली. दुसरा सावकाश, शेवटपर्यंत वाचला. माझ्याकडे पाहिलं नाही. त्यावरही सही केली आणि पेन हातातच ठेवलं.

"सर, तारीख मी आत्ताच घालू," त्यांनी विचारलं, "का ताईंच्या वेळेसारखी तुम्हीच घालाल?"