दादाचं एकोणीस हिमोग्लोबिन

माझा भाऊ रक्त जास्त झाल्यानं गेला. होय, जास्त झाल्यानं.

आज वर्ष झालं.

आष्ट्यात मंडळाचं रक्तदान शिबिर होतं. दादा दरवर्षी सगळ्यात आधी जाऊन झोपायचा. त्या वेळी बोट टोचून तपासलं आणि डॉक्टरबाईंनी त्याला परत उठवलं.

हिमोग्लोबिन एकोणीस.

बाई म्हणाल्या, रक्त घट्ट झालंय, हृदयाला ढकलायला जड जातं, कुठंतरी गुठळी अडकेल. आज देऊ नका, आधी सांगलीत मोठ्या डॉक्टरांना दाखवा.

दादानं त्यातलं फक्त एकोणीस ऐकलं.

आमच्याकडं बायकांचं आठ-नऊ, पोरांचं बारा. एकोणीस म्हणजे पैलवानच की. मशीनवरच्या आकड्याचा फोटो संध्याकाळपर्यंत त्याच्या स्टेटसला. मंडळानं शाल घालून सत्कार केला. आईनं दृष्ट काढली.

वहिनीचं आठ होतं, तिला लोहाच्या गोळ्या चालू. तिला म्हणायचा, घे माझ्यातलं थोडं.

पुढं त्याचं डोकं जड राहायला लागलं. आंघोळ केली की अंगाला खाज सुटायची. तोंड लालबुंद. लोक म्हणायचे, काय तेज आलंय गड्याला.

एकटी वहिनी मागं लागलेली. "आवं, बाई म्हणाल्यात तर एकदा दाखवून या की."

"रक्त कमी असल्यावर दवाखान्यात जात्यात. जास्त असल्यावर कोण जातं व्हय?"

वहिनी सोडून आम्ही सगळे हसलो.

ऊस कारखान्याला गेला की जातो म्हणाला. ऊस गेला. मग तोडलेला ऊस परत फुटला, त्या खोडव्याची कामं निघाली. तिथंच रानात छातीत कळ आली आणि मिरजेच्या वाटेवर, गाडीतच, संपलं.

नंतर तिथल्या डॉक्टरांना ते एकोणीस सांगून विचारलं, आधी आणला असता तर काय केलं असतं? मला वाटलं, मोठं ऑपरेशन वगैरे सांगतील.

ते म्हणाले, "बहुतेक अधूनमधून पिशवीभर रक्त काढून टाकलं असतं. आणि एक साधी गोळी."

एवढंच.

कुणाच्या बाळंतपणाला, कुणाच्या अपघाताला, हातातलं काम टाकून रक्त द्यायला पळणारा माझा भाऊ. त्याच्यावरचा इलाज एवढाच होता. अजून चीड येते, त्याची पण आणि आमची पण.

परवा वहिनीचा रिपोर्ट आला. कागदावरचा आकडा तिनं मला दाखवला. मग म्हणाली, "ह्यास्नी सांगाय पायजे हुतं."

म्हणून इथं सांगते.

दादा, भावपूर्ण नमस्कार. वहिनीचं अकरा झालंय.