घट्ट विणीची टोपी

गेल्या वर्षी उन्हाळ्यात सीमेवर पुन्हा लढाईचे दिवस आले आणि आमच्या मुख्याध्यापकांना एक कल्पना सुचली. मी अमरावतीच्या एका शाळेत कार्यानुभव शिकवते. शिवण, विणकाम, कागदाची फुलं, आणि कोणी रजेवर असेल तर भूगोलसुद्धा. "मॅडम, तुमच्या मुली जवानांसाठी लोकरीच्या टोप्या विणतील ना?" त्यांनी बैठकीत विचारलं. बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं. मी म्हटलं, "नाही विणणार." इतकं फटकन, की शेजारच्या गणिताच्या सरांचा चहा बशीत सांडला. स्टाफरूममध्ये मला तिखट म्हणतात, म्हणोत बापडे. त्यांनी कारण विचारलं असतं तर सांगितलंही असतं, पण त्यांनी विषयच बदलला.

कारगिलच्या वेळी मी अकोल्याला मुलींच्या शाळेत नववीत होते. आठवीपासून एनसीसीत होते आणि त्याशिवाय मला दुसरं काही सुचत नव्हतं. खाकी गणवेशाला मी स्वतः इस्त्री करायची, तीही अशी की बाहीच्या घडीनं काकडी चिरावी. परेडनंतर समोसा आणि केळं मिळायचं त्याचा मोह नव्हता असं नाही, पण खरी ओढ त्या मैदानाची होती. घरात मला कोणी चालू द्यायचं नाही. चाललं की हळू, हसलं की हळू. मैदानात मात्र पाय आपटला नाही तर शिक्षा व्हायची.

हे वेड लावलं मामानं. आईचा धाकटा भाऊ फौजेत होता. सुट्टीवर आला की घर दणाणून जायचं. गच्चीवर मला उभं करून तो ओरडायचा, "सावधान!" आणि मग भोवती फिरून माझा अंगठा पाहायचा. सावधानमध्ये हाताचा अंगठा कपड्याच्या बाजूच्या शिवणीला लागून हवा. माझा नेहमी सुटायचा. "अंगठा सुटला का सारंच सुटलं, पोरी," म्हणायचा आणि टपली मारायचा. एनसीसीत नाव घालायला आई तयार नव्हती, तर त्यानंच तिला पटवलं होतं.

त्या उन्हाळ्यात मामा वर होता. वर म्हणजे नक्की कुठं ते त्यानं कळवलं नव्हतं, आणि मग पत्रंच थांबली. आमच्याकडे टीव्ही नव्हता. संध्याकाळी आई शेजारी बातम्या पाहायला जायची आणि झेंड्यात गुंडाळलेल्या पेट्या दाखवायला लागले की उठून अंगणात येऊन उभी राहायची. एका संध्याकाळी ती आली ते ठरवूनच.

"एनसीसीतल्या पोरायलेच पहिले नेतात म्हने," ती म्हणाली.

"कोन म्हनते? नववीतल्या पोरीले कोन नेईन?"

"नेवो का न नेवो. एक वर गेला थो बस झाला. आता पोरगी बी देऊ का?"

मी हसले. ते चुकलंच. दुसऱ्या दिवशी ती स्वतः शाळेत गेली आणि माझं नाव काढून आली. बाबा अमरावतीला एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, शनिवारी घरी यायचे. मी त्यांच्यापुढे रडले, पाय आपटले. त्यांनी शांतपणे हात धुतले आणि म्हणाले, "तुह्या मायले आत्ता काही बोलू नको. तुह्या मामाची खबर येऊ दे, मंग पाहू." एनसीसीच्या बाईंना माझी दया आली. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत माझी जागा ठेवतील. त्यानंतर शिबिराची तयारी सुरू होईल, मग काही करता येणार नाही. मी मनात म्हटलं, दिवाळीला मामा येईल. आईला आवरू शकेल असा जगात तो एकटाच होता.

एनसीसी सोडणाऱ्या मुलीला विणकाम मंडळ. शाळेचा नियमच तसा. मंडळाची खोली टिनाची, मैदानाच्या कडेला. विणकामाच्या बाई पंखा लावू द्यायच्या नाहीत, लोकरीचे गुंडे पळतात म्हणून. आणि खिडकी अर्धीच उघडायच्या, मुली बाहेर बघतात म्हणून. पाऊस लांबलेला, अकोल्याचा उकाडा, आणि मांडीवर लोकर. बाहेरून आवाज यायचा, "दाहिने मुड़!" आणि बाकाखाली माझा पाय आपोआप वळायचा. शेजारची मुलगी वैतागून म्हणायची, "काहून लाथा मारून राह्यली वं?"

जवानांसाठी टोप्या विणायच्या असं ठरलं होतं. आता वऱ्हाडात लोकर विणतात ती फक्त बाळंतिणीच्या घरी. टोपडं, मोजे, फार तर झबल्यावर घालायचं स्वेटर. अकोल्यात थंडी पाहुण्यासारखी येते आणि चहा पिऊन जाते, मोठ्या माणसासाठी कोण विणत बसणार? बाईंना येत होतं तेही टोपडंच. त्यांनी शांतपणे सांगितलं, "तेच घाला, टाके दुप्पट घ्या." बाजारात लोकरही बाळांचीच, गुलाबी, पिवळी, आकाशी. पंधरवड्यात आमच्या टेबलावर हनुवटीखाली बांधायला नाड्या, कडेला जाळी आणि वर गोंडा असलेली टोपडी साठली, फक्त बापाच्या मापाची. ती घालून डोंगर चढणारे जवान माझ्या डोळ्यांपुढे यायचे आणि मला हसू यायचं. मग त्यात मामा दिसायचा आणि हसू जायचं.

मी ठरवलं की इतकं वाईट विणायचं की बाईंनीच हाकलून द्यावं. बाबांना सांगून अमरावतीहून मेंदी रंगाची लोकर मागवली, गुलाबी हातात धरणार नव्हते म्हणून. जाळी नाही, गोंडा नाही, नाड्या नाहीत. राग सगळा बोटांत. त्यात घामानं लोकर सुईला चिकटायची, मग मी आणखी ओढायची. सुया कुईकुई करायच्या. टोपी तयार झाली ती भांडं घासायच्या काथ्यासारखी. बाईंच्या पुढ्यात टाकली आणि वाट पाहत उभी राहिले.

बाईंनी ती उलटसुलट केली. विणीतून बोट घालून पाहिलं, जाईना. मग तोंडापुढे धरून फुंकर मारली आणि पलीकडे हात धरला. पुन्हा मारली. त्यांचा चेहरा बदलला.

"मुलींनो, इकडे बघा. वारा अडतो हिच्यात. ही टोपी आहे. आपण आजवर टोपडी केली."

झालं. मी मंडळाची प्रमुख झाले. बाहेर पडायला खणलेल्या भोकातून मी आणखी आत गेले. सगळ्या मुलींनी माझ्यासारखं घट्ट विणायचं, आणि मी प्रत्येकीच्या मागे उभं राहून ओढ पाहायची. राग कसा शिकवतात ते मला माहीत नव्हतं, तरी शिकवलं. पहिली टोपी नमुना म्हणून ठेवून घेतली. बाकीच्या खोक्यांत भरून गेल्या. कुठं पोचल्या, कोणी घातल्या, आम्हाला कधी कळलं नाही.

पावसाळ्यात लढाई थांबली. मला वाटलं, आता सुटले. बाई म्हणाल्या, "लढाई थांबली, बर्फ थोडाच थांबतो?" मामाचं पत्र आलं, चार ओळींचं. सुखरूप आहे, दिवाळीला येतो. आई पत्र छातीशी धरून ढसाढसा रडली. मी लगेच विचारलं, मग आता जाऊ का एनसीसीत? आई म्हणाली, "त्याले घरी येऊ दे. डोळ्यानं पाहू दे मले." तेव्हा मला तिचा एवढा राग आला होता, की त्या दिवशी विणलेली टोपी कोणाच्या डोक्यात शिरली नसेल.

दिवाळी आमच्या घरी करत नसत. पण सगळा मोहल्ला करायचा आणि फराळाची ताटं दारोदार फिरायची. मामा आला तेव्हा आई दारातच त्याचं तोंड चाचपत राहिली, आंधळ्या माणसासारखी. तो वाळला होता. हसत होता, पण पूर्वीसारखं घर दणाणलं नाही. मी दुपारभर धीर धरला. चहा झाल्यावर त्याच्यासमोर उभी राहिले आणि खाडकन सावधान झाले. अंगठा शिवणीला लावून, अगदी चिकटवून. तो पाहायला उठलाच नाही.

"बस, बाई, बस," म्हणाला.

आई चिवड्याचं ताट घेऊन आली. तिनंच विषय काढला, हे आजही खरं वाटत नाही. "ही पोरगी चार महिने माह्याशी धड बोलली नाही. आता तूच सांग. घालू का इले एनसीसीत परत?"

मी मामाकडे पाहिलं. तोंड उघडून तो काही म्हणणार, तेवढ्यात गल्लीत पहिला सुतळी बॉम्ब फुटला.

ताट उडालं. मामा खुर्चीत नव्हता. तो भिंत आणि कपाटाच्या मधल्या फटीत होता, गुडघे पोटाशी, दोन्ही हात डोक्यावर. त्या फटीत आम्ही झाडू ठेवायचो. एवढा माणूस तिथं मावला कसा ते मला कळेना. आई "अरे, पोरं फोडून राह्यले, फटाका हाय," म्हणत राहिली. तो बाहेर आला, हसला, चिवडा वेचायला लागला. दुसरा बॉम्ब फुटला. या वेळी तो पळाला नाही, पण डोळे मिटून भिंतीला टेकला, आणि त्याच्या हातातला चिवडा खाली सांडत राहिला.

खुंटीवर माझी नमुन्याची टोपी होती. सुट्टीत आणखी विणायला मी ती घरी आणली होती. त्यानं ती घेतली, डोक्यात घातली आणि दोन्ही हातांनी कानांखाली ओढली. अकोल्यात दिवाळीतही पंखा लागतो, आणि तो लोकरीची टोपी घालून बसला. घाम गळ्यावर उतरत होता. आईनं दार लावलं, खिडक्या लावल्या, फटींत कपडे कोंबले. आम्ही तिघं त्या बंद खोलीत बसून राहिलो. बाहेर मुलं आनंदानं किंचाळत होती आणि त्या चार महिन्यांत मी पहिल्यांदा आईचा हात धरला.

"कोनं विनली?" मामानं विचारलं.

"म्या."

"चांगली हाय." मग टोपीवर तळवे दाबून म्हणाला, "पन अजून आवाज येते. याच्याहून घट्ट विनता येते काय?"

आई माझ्याकडे पाहत होती. तिचा प्रश्न तिनं पुन्हा विचारला नाही.

"येते," मी म्हटलं.

सुट्टी संपल्यावर एनसीसीच्या बाईंनी एका मुलीला घरी पाठवलं. खाकी गणवेशात होती, बाहीला माझ्यासारखी घडी नव्हती. जागा अजून आहे, आज शेवटचं, येतेस का, म्हणाली. आत मामा झोपला होता. मी तिला दारातच थांबवलं आणि हळू आवाजात सांगितलं, "नाही येत. मले लोकर संपवाची हाय."