तिसऱ्या मजल्यावरची जोखीम

देवदत्त आगटे यांना आमच्या इमारतीत सगळे अण्णा म्हणतात. तोंडावर मीही म्हणते. मनात काय म्हणते ते लिहिण्यासारखं नाही.

वाकोल्यात नाल्याकडे पाठ करून उभी असलेली आमची तीन मजल्यांची जुनी इमारत. अण्णा वरच्या मजल्यावर राहतात आणि कित्येक वर्षं सोसायटीचे चेअरमन आहेत, कारण ते काम दुसरं कोणी मागत नाही. त्यांचं आयुष्य एका विमा कंपनीत गेलं. कुणाच्या दुकानात पाणी शिरलं की ते कुठून शिरलं, किती शिरलं आणि मुळात ते शिरलंच कसं नाही, हे दाखवून द्यायचं, ही नोकरी. माणूस निवृत्त झाला, खोड झाली नाही.

मुंबईला जास्त धोका कशाचा, दुष्काळाचा की पुराचा, हा त्यांचा लाडका विषय. सोसायटीची मीटिंग असो, सत्यनारायण असो, कुणाचं बारसं असो, अण्णा त्यावर येतातच. "पूर म्हणजे पाहुणा," ते सांगतात. "येतो, घाण करतो, जातो. दुष्काळ म्हणजे घरजावई. एकदा शिरला की हलत नाही. आता जोखीम मोजा. पुरात तळमजला जातो. पाणीकपातीत अख्खी इमारत जाते." लोक माना डोलावतात. तळमजला इमारतीत धरायचा नसतो, हे त्यांच्या हिशेबात आधीच ठरलेलं असतं.

त्या तळमजल्यावर पंडागळे राहतात. प्रितम लिफ्टच्या कंपनीत इंजिनिअर आहे, त्याची बायको मीरा बँकेत अधिकारी, आणि प्रितमची आई द्रौपदीबाई. कमरेचं हाड मोडल्यापासून आजींना उभं राहता येत नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीशी त्यांची खाट आहे, आणि म्युनिसिपालिटीच्या पाण्याचा पाइप त्याच खिडकीखालून जातो. पहाटे पाइप गुरगुरला की तो आवाज आधी त्यांना ऐकू येतो. मग त्या खिडकीतून वर हाक मारतात, "पाणी आलं! पाणी आलं!" ती ऐकली की अण्णा मोटर सुरू करायचे, आणि जमिनीखालच्या टाकीतलं पाणी गच्चीवर चढायचं. खालची टाकी जुनी, गळकी; आलेलं पाणी लगेच चढवलं नाही तर मुरून जायचं. मोटर खाली जिन्याजवळच्या कट्ट्यावर, पण तिचं बटण अण्णांनी वायर ओढून स्वतःच्या हॉलमध्ये, देव्हाऱ्याशेजारी बसवून घेतलं होतं. म्हणजे पाणी दोघांच्या हातात. एकीनं ओरडायचं, एकानं बटण दाबायचं. सोसायटीत मान मिळायचा तो बटणाला.

खरं सांगायचं तर अण्णांच्या दुष्काळाच्या धास्तीला कारण आहे. त्यांच्या पत्नी गेल्या त्या मे महिन्यात नळ कोरडे होते. बाईंना शेवटची आंघोळ घालायला घरात पाणी नव्हतं. तेव्हा द्रौपदीबाईंनी आपलं पिंप रिकामं करून कळशा वर पाठवल्या होत्या. तो दिवस आठवला की मला अण्णांची कीव येते. पण कीव फार वेळ टिकेल, असं ते वागत नाहीत.

प्रितमचं मागणं साधं होतं. दरवर्षी नाला भरला की पाणी त्याच्या दाराशी येतं. दाराला गुडघ्याएवढा पक्का उंबरठा बांधू द्या, बस. खर्च त्याचाच. आई एकटी असते, तिला उठता येत नाही. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "टँकरचा पाइप तुझ्या दारावरून जातो, प्रितम. उंबरठ्यानं त्याला अडचण होईल. शिवाय आज तू उंबरठा बांधशील, उद्या दुसरा गॅलरी वाढवेल." बोलता बोलता स्वतःची गॅलरी कधीच आत घेतलेली आहे, हे ते विसरले.

एकदा ते साक्ष काढायला म्हणून आजींच्या खाटेशी गेले. मी तिथेच होते. "आजी, तुम्ही जालन्याकडच्या. बाहत्तरचा दुष्काळ पाहिलेल्या. तुम्हीच सांगा, दुष्काळ वाईट की पूर?"

आजी म्हणाल्या, "दुष्काळ लई वाईट, अण्णा. खडी फोडली आम्ही. पर दुष्काळात माणूस उठून चालू लागतं. म्हणून तर हितं आलो. पुरात मला उठता कुठं येतंय?"

पहिलं वाक्य ऐकूनच अण्णा माझ्याकडे वळले. "ऐकलंस, क्षमा? लई वाईट!" पुढचं त्यांच्या कानात शिरलंच नाही. दावा नामंजूर करायला जेवढं लागतं तेवढंच ऐकायची सवय.

गेल्या वर्षी जुलै उजाडला तरी तलाव भरले नव्हते. शहरात धो धो आणि धरणांवर कोरडं, ही आपल्या मुंबईची जुनी थट्टा. पाणीकपात चालू होती, टँकर येत होते, आणि पाइप आत सोडणं सोपं जावं म्हणून अण्णांच्या हुकमानं खालच्या टाकीचं झाकण अर्धं सरकवून ठेवलं होतं. त्यातच एका दुपारी भरतीच्या वेळेला पाऊस कोसळला आणि नाला उलटा वाहू लागला. वॉचमन धाकू त्या वेळी गेटवर असायला हवा होता. त्याला अण्णांनी स्वतःची गाडी पुलाच्या चढावर नेऊन लावायला पाठवलं होतं. मीरा आणि प्रितम कामावर अडकले होते. मागच्या बाजूनं पाणी आधी जिन्यात आलं, मग पंडागळ्यांच्या दाराखालून आत.

आजींनी ते पाहिलं आणि त्या ओरडल्या. दुसरं काय ओरडणार? "पाणी आलं! पाणी आलं!"

आणि आमची सुशिक्षित इमारत जागी झाली. दुपारची डुलकी मोडून सगळे बादल्या, पातेली, घमेली घेऊन नळांकडे धावले. "आजींनी हाक मारली, भरून घ्या!" अण्णांनी देव्हाऱ्याशेजारचं बटण दाबलं. खाली आजी जितक्या जोरानं ओरडत होत्या तितकं वर लोकांना वाटत होतं, आज प्रेशर चांगलं दिसतंय. गॅलरीत येऊन बघितलं असतं तर रस्त्यावर तरंगणाऱ्या रिक्षा दिसल्या असत्या. बघितलंही होतं काहींनी. व्हिडिओ काढून झाले होते. पण रस्त्यावरचं पाणी वेगळं आणि 'पाणी आलं' मधलं पाणी वेगळं, यावर कुणाला शंका आली नाही. त्या शहाण्यांत माझा नवराही होता. त्याच्याशी मी नंतर निराळं बोलले.

मी अंधेरीहून निम्मी वाट चालत, पाण्यातून वाट काढत पोचले तेव्हा गाडी लावून परत येणारा धाकू मला गेटपाशी भेटला. दोघांच्याही मांडीपर्यंत पाणी होतं. पंडागळ्यांचं दार नुसतं लोटलेलं असतं. ते आम्ही ढकललं. आजी खाटेवर बसल्या होत्या. गादी पाण्याखाली गेली होती आणि पाणी त्यांच्या पोटाशी आलं होतं. दोन्ही हातांनी त्यांनी खिडकीचे गज धरले होते. आवाज गेला होता. तोंड मात्र अजून हलत होतं, तेच दोन शब्द.

मी रडले. रागानं रडले, हे स्पष्ट सांगते. आम्ही त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून पहिल्या मजल्यावर माझ्या घरी नेत होतो, तेवढ्यात वरून गलका झाला. "अहो अण्णा, मोटर बंद करा! नळातून गटार येतंय!" उघड्या झाकणातून नाला टाकीत उतरला होता, आणि अण्णांनी तो घराघरांत पोचवला होता. मग मोटरमध्येच पाणी गेलं, फट्‌ आवाज झाला आणि ती जळाली. अण्णा जिना उतरून आले. खुर्चीत कुडकुडणाऱ्या आजींकडे त्यांनी पाहिलं आणि मला विचारलं, "आता मेकॅनिक कधी मिळणार?"

आजी वाचल्या. न्यूमोनिया झाला, हॉस्पिटलात राहिल्या, घरी आल्या.

पाणी ओसरल्यावर मीटिंग झाली. प्रितमनं उंबरठ्याचं पुन्हा विचारलं. यावेळी त्याचा आवाज चढला होता. अण्णा शांतपणे म्हणाले, "भावनेच्या भरात निर्णय नको. शांतपणे जोखीम तोलू. मोटर दुष्काळातही लागते आणि पुरातही लागते. तेव्हा आधी संरक्षण मोटरला." सगळ्यांचे हात वर गेले. माझा, मीराचा आणि प्रितमचा सोडून. आठवड्याभरात मोटरभोवती कंबरेएवढी विटांची भिंत उभी राहिली, सिमेंटची, घोटीव. तिच्यामुळे आता जिन्यात येणारं पाणी मोटरकडे न जाता सरळ पंडागळ्यांच्या दाराकडे वळणार होतं. हे सांगायला इंजिनिअर लागत नाही, पण प्रितमनं सांगितलं. अण्णा म्हणाले, "पाहू पुढच्या वर्षी."

कपात चालूच होती. आणि पहाटेची हाक थांबली. पाइप गुरगुरायचा, पाणी यायचं, तासाभरात जायचं, आणि नवी मोटर आपल्या नव्या भिंतीत कोरडी बसून असायची. मीराचं पिंप तेवढं भरलेलं असे. चार पहाटा अशा गेल्यावर इमारतीचं तोंड सुकलं, आणि अण्णा तीन मजले उतरून आजींच्या खाटेशी आले. मी आजींना औषध द्यायला गेले होते.

"आजी, आवाज सुधारला ना आता? मग हाक का मारत नाही? वर सगळ्यांचे हाल चाललेत."

"त्या दिवशी मारली होती की," आजी म्हणाल्या.

"अहो, आम्हाला वाटलं नळाला आलं."

आजींनी उशीवर मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "अकरा वर्षं हाक मारतेय, अण्णा. नळाला दुपारचं पाणी कधी आलंय का ओ?"

अण्णा माझ्याकडे बघू लागले. मी चमच्यात औषध ओतत राहिले. ते दाराशी गेले आणि पाठमोरेच म्हणाले, "प्रितमला सांगा, उंबरठा बांधून घे."

"मी नाही सांगायची. त्याला वरही बोलावू नका," आजी म्हणाल्या. "तो संध्याकाळी येतो. तुम्हीच खाली या."