गुलाबी दिसलेला जंतू

हे सांगणं मी वर्षानुवर्षं टाळलं. आज नया नगरच्या दवाखान्यात स्पिरिटचा वास आला आणि आमची जुनी लॅब आठवली.

चेणे गावातल्या एका भाजीवाल्याच्या मुलीला मेंदूज्वर झाला होता. तिच्या पाठीतल्या पाण्याची स्लाइड मी रंगवली. रंगावरून जंतूची जात ठरायची. गप्पांच्या नादात स्पिरिट स्लाइडवर जास्त वेळ राहिलं, टिकायला हवा तो जांभळा रंगही धुऊन गेला आणि जंतू दुसऱ्या जातीसारखा गुलाबी दिसला. माझ्या रिपोर्टवरून चुकीचं औषध सुरू झालं. खरी जात कळेपर्यंत उशीर झाला होता.

पुढे बाप तिला घेऊन काकड्या द्यायला आला. "तुमच्यामुलं पोर जित्ती हाय, साहेब."

मी तिला हाक मारली. तिनं वळून पाहिलं नाही.

"तापानं कान गेलं. ऐकू येत न्हाय तिला."

'माफ करा' ओठांपर्यंत आलं होतं. मी म्हणालो, "बसा, चहा मागवतो."