उणे दीडची गाठ

आगरदांड्याच्या धक्क्यावर दिघीच्या होडीची वाट बघत उभा होतो, तेव्हा एका जुन्या विद्यार्थ्याने येऊन सांगितलं, "भाऊगुर्जी, दामूगुर्जी गेले. काल सकाळीच." होडी आली, माणसं चढली, होडी सुटली... मी तिथेच उभा.

दामू आणि मी काशीदच्या अलीकडच्या एका गावात एकाच शाळेत मास्तर. तो गणित शिकवी, मी मराठी. मध्ये कुडाची भिंत, त्यामुळे त्याचे अपूर्णांक माझ्या कवितेत घुसत आणि माझे अलंकार त्याच्या गणितात. नवे पैसे नुकतेच आले होते आणि पाव-पाऊण-दीडमध्ये मुरलेल्या गावाला दशांश चिन्ह म्हणजे डोक्याला ताप वाटे. त्यात दामूला उणे संख्याही शिकवायच्या होत्या. मग काय, ओहोटी लागली की वर्ग किनाऱ्यावर. केवड्याच्या बनापासून थेट लाटांत जाणारी रेघ काठीने ओढायची, मधोमध शून्य. बनाकडे अधिक, पाण्याकडे उणे. मुलं पाट्यांवर आकडे लिहून आपापल्या जागी उभी राहत. उणे २.५ वाला एक पोरगा उणे १.७५ वाल्या मुलीला वेडावू लागला, "माझा अडीच, तुजा पावणेदोन. मीच मोठा!" दामू म्हणाला, "पाय बघ तुझे. कोण जास्त भिजलाय? शून्याच्या खाली जो जास्त खोल, तो लहान." मग तिसऱ्या मुलाने त्या दोघांमध्ये उभं राहून दोन्ही हात त्या मुलीच्या बाजूला पसरायचे. मोठ्याकडे उघडायचं, लहानाकडे टोक. असं ते चिन्ह. चुकलं की सगळा वर्ग ओरडे, आणि दामूला त्या ओरडण्याचा कोण आनंद! "माझी चूक सापडली तरी असंच ओरडायचं," असं तो बजावून सांगे.

त्याचा चष्मा जाड होता. एकदा तो मुंबईच्या डॉक्टरांकडून आला तेव्हा मी विचारलं, "वाढला का रे नंबर?" तो म्हणाला, "वाढला कुठे? उणे साडेनवाचा उणे सव्वाअकरा झाला. म्हणजे घसरलाच की!" आम्ही खूप हसलो. डोळ्यातला आतला पडदा सुटत चाललाय, हे डॉक्टरांनी सांगितलेलं त्याने मला कितीतरी दिवसांनी सांगितलं. नोकरी जाईल ही धास्ती होतीच. पण त्याहून, वर्गाशिवाय आपण कोण, हा प्रश्न त्याला खात होता.

मुलांना कळलं होतं. खडू हातात देणं, वाटेतला बाक सरकवणं, सगळं न बोलता चाले. एके दिवशी कुडाच्या फटीतून मी बघत होतो. त्याने फळ्यावर आधी ते लहान-मोठ्याचं चिन्ह काढलं, मग आकडे घातले, आणि विचारलं, "बरोबर?" वर्ग एका सुरात म्हणाला, "बरोबर, गुर्जी!" काय वाटलं कोण जाणे, त्याने एका मुलीला फळा वाचायला सांगितला. ती खालच्या आवाजात वाचू लागली, "उणे दोन दशांश पाच मोठं... उणे एक दशांश सात पाच लहान..." आकडे उलट्या बाजूंना पडले होते.

"मग बरोबर का म्हणालात?"

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "तुमाला वायट वाटंल म्हनून, गुर्जी."

त्याने दुपारीच राजीनामा दिला. मी भांडलो, विनवण्या केल्या. "आंधळा म्हणून जात नाहीये रे," तो म्हणाला. "माझी चूक दाखवायची, तर त्यांना माझी दया येते. आता मी त्यांना काय शिकवणार?"

पुढे नजर पुरतीच गेली. यमुनावहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, दारासमोर काथ्याची दोरी बांधली. दारापाशी शून्याची जाड गाठ. उजवीकडे विहिरीपर्यंत अधिक, डावीकडे वाडीतल्या माडांपर्यंत उणे. पूर्ण आकड्यांच्या मोठ्या गाठी, अर्ध्यांच्या लहान. तो दोरी धरून माडांकडे जाई आणि जिथे असेल तिथून आकडा पुकारी. वहिनी शाळेत गेलेल्या नव्हत्या, पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोरी दिसे आणि तो चुकला की त्या आतूनच खडसावत. कधीच सोडलं नाही. मला म्हणायचा, "चूक दाखवणारं माणूस घरात आहे, म्हणून दिवस निघतो."

तो गेल्यावर, परवा वहिनींना भेटायला गेलो. वहिनी चहा टाकायला उठल्या आणि मी बाहेर आलो. दोरी तशीच होती, तिच्यावर एक कपडासुद्धा वाळत घातलेला नव्हता. मी डोळे मिटले, दोरी धरली आणि चाचपडत माडांकडे निघालो. एका गाठीपाशी थांबलो आणि तोंडातून निघून गेलं, "उणे दोन!"

"न्हाय," आतून लगेच खणखणीत आवाज आला. "दोन कुटलं? दीडच हाय त्ये!"

मग आतला भांड्यांचा आवाज थांबला. मी ती लहान गाठ मुठीत धरून तसाच उभा राहिलो, डोळे उघडायचा मला धीर होईना.