उजवीकडची नथ

देवीसाठी मी नोकरी सोडली, असं मी गावभर सांगत फिरलो. खरं म्हणजे मला हाकललं होतं. निपाणीतल्या एका शिळाछाप छापखान्यात मी चित्रं काढायला होतो. बिडीच्या बंडलावर नि तपकिरीच्या डब्यावर ज्या रंगीत चिठ्ठ्या चिकटवतात, त्यांची चित्रं छापायच्या दगडावर काढायची, हे माझं काम. दगडावर उलटं काढलं तर कागदावर सुलटं उठतं. पोपट काढले, वाघ काढले, हत्तीसुद्धा काढले. एके दिवशी मालक म्हणाले, "मास्तर, आता बिडीवर यल्लम्मा काढा. लोक हातोहात उचलतील." माझं डोकं सणकलं. बंडल संपल्यावर लोक चिठ्ठी कुठं फेकतात, हे मला काय ठाऊक नव्हतं? मी म्हटलं, "माझी आई मी लोकांच्या पायाखाली घालणार न्हाय!" मालक शांतपणे म्हणाले, "मग उद्यापासून येऊ नका." दुसऱ्या दिवशी माझ्या जागेवर नवा माणूस बसला.

तेव्हा मला वाटलं होतं, आई आता हात देईल. कसलं काय! दुसऱ्या कुठल्या छापखान्यात मला कोणी उभं करीना. बायको तंबाखूच्या वखारीत पानं निवडायला जाऊ लागली आणि मी देव्हाऱ्यापुढं बसून भांडू लागलो. तुझ्या अब्रूसाठी मी भाकरीवर पाणी सोडलं, तू माझ्यासाठी काय केलंस? रोज हेच. मधल्या काळात मी एक रेघही ओढली नाही. शेवटी ठरवलं, सौंदत्तीला चालत जायचं, कुंचला देवीच्या पायरीवर टाकायचा आणि तिला सांगायचं, हे घे, तूच सांभाळ. बायको म्हणाली, "देवीसंगं भांडायला निघालाय व्हय? जावा की. पर कुंचला तेवढा माघारी आणा. त्यो गेला तर घरात निस्ता तुमचा राग उरंल." मी कुंचला पिशवीत टाकला आणि निघालो.

चिकोडी ओलांडली आणि भर दुपारी मला थंडी वाजून आली. दात वाजू लागले. रस्त्याकडेच्या एका झोपडीच्या सावलीला टेकलो, तिथंच आडवा झालो. झोपडीत एक म्हातारी बिड्या वळत होती. ना ओळख ना पाळख, तिनं मला आत ओढलं, वाकळ घातली, काढा पाजला. माझी जात विचारली नाही, गाव विचारलं नाही. तीन दिवस मी तापात बरळत होतो म्हणे.

चौथ्या दिवशी डोळे उघडले तर समोर यल्लम्मा. एक नव्हे, बारा-पंधरा. चुलीशेजारच्या भिंतीवर तिनं बिडीच्या चिठ्ठ्या ओळीनं चिकटवल्या होत्या आणि प्रत्येकीला हळदकुंकू लावलं होतं. माझ्या जागी आलेल्या माणसाचंच ते काम. अंगात ताप होता तरी मी खवळलो. "आक्का, ह्या कुठनं आणल्या?"

"रस्त्यातनं, बाबा. बाजारात पडलेल्या घावत्यात. आईवर कुणाचा पाय पडाया नको म्हणून उचलून आणते. पुसते, चिकटवते. माझ्या घरात दुसरा देव कुठं हाय?"

मी मालकाशी भांडलो, देवीशी भांडलो, बायकोवर डाफरलो. पण रस्त्यात पडलेली एक चिठ्ठी मी कधी वाकून उचलली नव्हती. तरी कारागिराची खोड जात नाही. नीट बघितलं आणि मला हसू आलं. नव्या गड्यानं दगडावर चित्र सुलटंच काढलं होतं, त्यामुळं छापताना ते उलटलं आणि देवीची नथ उजव्या नाकपुडीत गेली. मी म्हटलं, "आक्का, ही चुकीची छापल्या. नथ डावीकडं पाहिजे."

तिनं आपल्या नाकातल्या मोरणीला बोट लावलं. "आरशात बघितलं की माझीबी त्याच अंगाला दिसत्या की रं! मला वाटतंय, आई आरशात बघायला बसल्या, आणि आरसा म्हंजे मी."

मी तोंड फिरवून रडलो. लाज कसली त्यात.

संध्याकाळी मी तिच्याकडून गेरू, चुना आणि हळद मागून घेतली, पिशवीतला कुंचला काढला आणि भिंतीवर हातभर उंचीची आई काढायला लागलो. किती महिन्यांनी हात चालत होता! नथीवर आलो, सवयीनं डावीकडं वळलो, तर म्हातारीनं मनगट धरलं. "तशी नको. माझी आई तशी न्हाय." मी नथ उजवीकडं काढली.

ती भिंत बघून शेजारणींनी आपल्या भिंती दाखवल्या, मग कोणी ट्रंक आणली, कोणी बैलगाडीची फळी. त्यावर घर चाललं, आजही चालतं. सौंदत्तीला मी नंतर गेलो, कुंचला घेऊनच. भांडण केवढं पाठ केलं होतं! गाभाऱ्यापुढं एक शब्द आठवला नाही. नुसतं "उदं गं आई" एवढंच तोंडातून आलं.

पुढं छापखान्याच्या मालकांनी बोलावणं धाडलं. मी कळवलं, बिडीवर आई काढणार नाही. काल नाही, आज नाही, मेलो तरी नाही. पण आईला मी सांभाळतो, हा माझा तोरा मात्र त्या झोपडीत उतरला. मी चालू लागलो होतो तिला जाब विचारायला, आणि तिनं मला तिसऱ्याच दारात निजवून औषध पाजलं.

अजून कुठं देवी काढली की जाणती माणसं बोट दाखवतात, "मास्तर, नथ चुकली." मी हात जोडतो आणि तशीच ठेवतो.