दोन बोटं जादा कापड

फोन आला तेव्हा मी नगरच्या सलूनमध्ये होतो. उजवा गाल झाला होता, डावा फेसात. "भाऊ, नानी गेल्या वो... जेवून जरा आडव्या झाल्या, त्या उठल्याच न्हाईत," नानीकडे शिवणकाम करणारी मंगल सांगत होती. फेस पुसून तसाच गावी, काष्टीला निघालो. कुसुमनानी माझी सख्खी चुलती. सुतकात वस्तरा लावायचा नाही, त्यामुळे दहाव्यापर्यंत मी एका बाजूने बैरागी आणि दुसऱ्या बाजूने कारकून असा वावरलो. भेटायला आलेल्या बायका आधी रडायच्या, मग माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावायच्या. नानीने पदरही लावला नसता, सरळ हसली असती.

चुलते गेल्यावर तिने घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिलाई मशिनी मांडल्या. गावातल्या बारा बायका शिवायला येऊ लागल्या, त्यात मंगल पहिली. त्याआधी त्या कांदे काढायला, ऊस खुरपायला जात. पुण्याच्या एका कंपनीकडून लहान मुलींचे परदेशी जाणारे फ्रॉक शिवायचं काम मिळालं, तेव्हा नानी म्हणाली, "ह्ये टिकलं ना, तर माज्या बायांला पुन्ना उन्हात वाकाया लागायचं न्हाई." कंपनीने कापडाचे तागे आणि कागदी खाके पाठवले, कापायचं, शिवायचं इथे.

आता आपल्याकडे पोरीचा फ्रॉक शिवताना आत दोन बोटं जादा कापड सोडतात. शिंप्याच्या भाषेत ती माया. पोरगी वाढली की उसवून सैल करायचं. खाक्यात तेवढी नव्हती. नानीला वाटलं, काढणारा विसरला. तिने ताग्यावर खाके असे दाटीने मांडले की वाया जाणारं कापड वाचलं आणि प्रत्येक फ्रॉकला दोन बोटं सुटली. कंपनीची चूक परस्पर निस्तरली म्हणून स्वारी खूश! मीही "वा!" म्हणालो. शिवणातलं मला एवढंच कळतं, की बटण तुटलं की बायकोला हाक मारायची.

मग तपासणीला पुण्याहून एक तरुण मॅडम आल्या. फ्रॉक उलटा करून त्यांनी पट्टी लावली. "आजी, आत एवढं कापड कशाला? चार्टमध्ये एक सेंटिमीटर आहे."

"आवो मॅडम, तिकडच्या पोरी वाढत न्हाईत का?"

"फ्रॉक लहान झाला की तिकडे दुसरा घेतात."

"आन् पयल्याचं काय करत्यात?"

मॅडम फ्रॉक पुन्हा सुलटा करू लागल्या. "टाकतात, आजी." मग हळूच म्हणाल्या, चार दिवसांत दुरुस्त करा, नाहीतर सगळा माल परत.

चार दिवस शेडमध्ये कुणी मान वर केली नाही. खालचा घेर उसवायचा, बाजूचं जादा कापड छाटायचं, पुन्हा शिवायचं. मीही रजा टाकून उसवायला बसलो आणि पहिल्याच फ्रॉकला भोक पाडलं. "तुजा सायेब लई मोठ्या मनाचा दिसतोय रं," नानी म्हणाली, "तुला पगार देतो!" त्यानंतर माझ्याकडे चहाचं खातं आलं. चहा देताना पाहिलं, छाटलेल्या पट्ट्यांच्या ढिगातली एक पट्टी तिने बोटांवर धरली होती. "ह्येच्यात एका पोरीचं आजून एक वरीस निघालं असतं..."

माल वेळेत गेला, पास झाला. पुढचं काम मात्र आलं नाही. खरेदीदाराला दुसऱ्या देशात स्वस्तात शिवून मिळतंय, असा निरोप आला. मंगल चिडली, "आपल्यापरीस स्वस्त कोन गावलं त्यास्नी?"

"आसंल की आपल्यावानीच कुनीतरी. तिला कशाला शिव्या देती?" नानी म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ती आसपासच्या शाळा फिरू लागली. हेडमास्तरांच्या टेबलावर नमुन्याचा गणवेश उलटा करून ठेवायची आणि म्हणायची, "आतून बगा." गणवेशांचं काम मिळालं. बारापैकी एकही बाई पुन्हा कांद्यात गेली नाही.

दहाव्याच्या घाटावर माझी उरलेली दाढी उतरली, तेवढ्यात मंगल जवळ आली. "भाऊ, उद्या शेड उघडू का?" घरातला कर्ता पुरुष मी, म्हणून गंभीरपणे मान हलवली. किल्ली तिच्या कमरेला आधीच होती, हे नंतर दिसलं.

माझ्या कपाटात नानीने शिवलेला एक शर्ट आहे, निळ्या रेघांचा. दर दिवाळीला ती माझ्या पोटाकडे बघायची, तो शर्ट काढून घ्यायची आणि थोडा सैल करून द्यायची. परवा घातला, तर बटणं पुन्हा ताणली. आतून उलटा करून पाहिलं... अजून एक बोट कापड शिल्लक आहे. मंगल पाच मिनिटांत सोडवून देईल. पण मी ते तसंच राहू दिलंय आणि रोज सकाळी चालायला जातोय.